डॉक्टरांपुढे आराम म्हणायचं नाही

आमच्या धारवाडात कुणी "ह्यांग अदीरी?" म्हणून विचारलं, म्हणजे कसे आहात, की उत्तर एकच. "आराम." घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असो, छप्पर गळत असो, सुनेनं वेगळी चूल मांडलेली असो, समोरच्याला आराम म्हणायचं आणि तुम्हीही आराम ना, म्हणून उलट विचारायचं. आम्ही मराठी घरातली माणसंसुद्धा हे कन्नडातूनच म्हणतो. माझे सासरे दवाखान्यात नाकात नळी घालून पडले होते, तरी भेटायला आलेल्यांना हात वर करून आराम म्हणाले होते. खोटं बोलायचं म्हणून नव्हे हो. आपलं दुखणं दुसऱ्याच्या पानात वाढू नये, एवढीच त्यामागची रीत.

ही रीत घेऊन आम्ही नवराबायको मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो आणि तिथंच सगळं फसलं.

आमचे हे रेल्वेत गार्ड होते. सगळा जन्म हुबळी, धारवाड, अळणावर या मार्गावर, गाडीच्या शेवटच्या डब्यात, पांढऱ्या स्वच्छ युनिफॉर्मात गेला. इंजिनाच्या धुराचे दिवस पाहिलेला माणूस, पण शर्टावर डाग म्हणून कधी दिसला नाही. रिटायर झाल्यावर धारवाडातल्याच मळमड्डी भागात आम्ही आमच्या जुन्याच घरात राहिलो. तिथून स्टेशन जवळ. गाडीची शिट्टी ऐकून घड्याळ लावणारा हा माणूस, त्याला स्टेशनापासून लांब नेऊन काय करायचं?

गेल्या वर्षी यांच्या उजव्या हाताला थरथर सुरू झाली. हात नुसता मांडीवर असला की अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत राहायची, जपमाळ ओढल्यागत. मी म्हणायची, "काय हो, देवधर्माला लागलात की काय?" मला थट्टाच वाटत होती. मग चाल आखडली. चेहऱ्यावर हसू यायला वेळ लागायला लागला. म्हणजे हसायचे, पण मी विनोद करून, भाजी परतून, पुन्हा वळून बघेपर्यंत. हुबळीच्या डॉक्टरांनी तपासून पार्किन्सन असं नाव सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हा आजार मुळातून जात नाही, पण गोळ्या नीट बसल्या तर माणूस बरीच वर्षं स्वतःच्या पायावर हिंडतो. गोळ्या सुरू करून महिन्यानं दाखवायला या.

महिन्यानं दाखवायला जायचं तर तयारी नको? मी ती केली, आणि अशी केली म्हणता! पहाटे उठून यांची दाढी करून दिली. केसांना तेल, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. बटणं मी लावली, बुटांच्या नाड्या मी बांधल्या. ओळख काढून सकाळचा पहिला नंबर मिळवला, कारण सकाळी यांना चांगली हुशारी असते. लग्नाला निघाल्यासारखे आम्ही निघालो.

डॉक्टरांनी विचारलं, "ह्यांग अदीरी, सर?"

"आराम," हे म्हणाले.

"अगदी आराम," मी म्हटलं.

कधी पडलात का? छे, मी म्हटलं. गोळीचा जोर मध्येच उतरतो का? नाही हो, मी वेळेवर देते ना. जेवण, झोप? उत्तम. सगळी उत्तरं माझी. यांना तोंड उघडायला हल्ली वेळ लागतो, तेवढ्यात माझी तीन वाक्यं होऊन जातात. चालून दाखवा म्हटल्यावर हे असे चालले की जणू समोर जनरल मॅनेजर उभे आहेत. डॉक्टर खूष. आहेत त्याच गोळ्या चालू ठेवा, तीन महिन्यांनी या. आम्ही बाहेर पडून डोसा खाल्ला.

आणि रोजची दुपार? तिची गोष्ट आम्ही कुणी काढलीच नाही. दुपारच्या जेवणानंतर यांचे पाय जमिनीला चिकटायचे. तसे चालत येत आणि स्वयंपाकघराच्या दाराशी आले की खिळ्यानं ठोकल्यागत उभे. मन म्हणतंय चल, पाय म्हणतात नाही. मी हात धरून ओढायची, पाठीला रेटा द्यायची, कसंबसं खुर्चीत बसवायची. वयाचं आहे, जेवणाची सुस्ती आहे, असं काहीबाही मनाला सांगायची. एके दिवशी मी अंगणात वाळवण काढत होते. आत धप्प झालं. वरचं अंग पुढे गेलं, पाय मागेच राहिले, हनुवटी उंबऱ्यावर आपटली. पांढऱ्या बनियनवर रक्त बघून मी यांना उचलून रिक्षात घातलं.

टाके घालणाऱ्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "हनुवटीवर निभावलं. पुढच्या वेळी खुबा मोडला तर परत उभे राहतील याची खात्री नाही." त्या वाक्यानं माझी झोप उडाली. दुपारचं हे चिकटणं थांबलं नाही तर हे पुन्हा पडणार, आणि ज्यांनी ते थांबवायचं त्या डॉक्टरांच्या दृष्टीनं आमचं सगळं उत्तम चाललेलं.

पुण्याच्या लेकीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, डॉक्टरांनी बाबांना बघितलंच नाही. त्यांनी तुझी इस्त्री बघितली."

मला राग आला. पण खरं ते खरं. ती पुढे म्हणाली, लवकरची तारीख घे, आणि सकाळची नको, दुपारची घे. गोळ्या चुकवू नको, बदलू नको, रोजच्यासारख्या दे. घरात अडकतात तेव्हाचं मोबाइलवर शूटिंग कर, पण मध्ये हात लावू नको, म्हणजे पडतील असं वाटलं तर धर, उगाच मदत करू नको. "आणि आई, रागावू नको हं. तिथं गेल्यावर तू बोलू नको."

मी बोलू नको! असं मला जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही, पण मी ऐकलेलं नाही.

खरी अडचण माझ्या तोंडाची नव्हतीच, यांची होती. शूटिंगचं नाव काढलं तर हे ठाम म्हणाले, "नको."

"अहो, डॉक्टरांना तर दाखवायचं. पेपरात थोडंच छापायचंय?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची."

"झाका की. त्या झाकल्या मुठीची थरथर सगळ्या मळमड्डीला दिसते."

बोलून गेले आणि जीभ चावली.  त्या दिवसापासून यांनी संध्याकाळी बाहेरच्या कट्ट्यावर बसणंही बंद केलं. स्टेशनाजवळ जुने रेल्वेवाले जमतात, तिकडे जाणं आधीच थांबलं होतं. दार लोटून आतल्या खोलीत, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून बसायचे. मी दोन दिवस समजूत घातली, दोन दिवस भांडले, एक दिवस अबोला धरला. अबोला माझ्याच्यानं संध्याकाळपर्यंत टिकला.

मग मला एक सुचलं. लग्न नवं असताना यांनी मला गार्डाचं काम समजावून सांगितलं होतं. गाडी स्टेशनातून न थांबता जाते तेव्हा स्टेशनमास्तर फलाटावर हिरवं निशाण धरतो आणि गार्ड आपल्या डब्यातून हिरवं दाखवतो. सगळं ठीक आहे, असं एकमेकांना सांगायचं. तीस-पस्तीस वर्षं या माणसानं दुसरं केलं काय? येणाऱ्या प्रत्येक स्टेशनाला सगळं ठीक, सगळं ठीक.

मी समोर जाऊन बसले. "एक सांगा. अळणावरच्या जंगलात कळलं की मागच्या डब्याचं चाक तापून धूर येतोय. समोर स्टेशनमास्तर हिरवं घेऊन उभा. तुम्ही काय दाखवाल?"

"लाल."

"लाज वाटेल?"

"लाज कसली? माणसं असतात गाडीत."

"मग डॉक्टरांना हिरवं का दाखवून आलो आपण?"

मला वाटलं, जिंकले. हे खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "ती गाडी रेल्वेची होती. हे माझं अंग आहे."

  माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी म्हटलं, "तुम्ही पडलात तर मला उचलता येणार नाही हो. त्या दिवशी कसं उचललं मला ठाऊक नाही. पुन्हा नाही जमणार." एवढंच बोलले आणि उठून कुकर लावायला गेले. तांदूळ धुऊन निथळत ठेवले तेव्हा मागून आवाज आला, "घे शूटिंग."

दुसऱ्या दिवसापासून मी मोबाइल घेऊन स्टुलावर बसले. फोन दोन्ही हातांनी धरायची, कारण एक हात मोकळा राहिला असता तर तो पुढे गेलाच असता. चाळीस वर्षांच्या संसारात मी यांच्याकडे इतका वेळ नुसतं बघत कधी बसले होते? बघितलं ते जाता-येता, ताट वाढता-वाढता. आता हात बांधून बघायचं होतं.

आधी बटण. शर्टाचं एक साधं बटण. डाव्या हातानं काज धरलं. उजवा हात बटण घेऊन आला, काजाशी टेकला, बोटानं रेटलं, निसटलं. पुन्हा आला, टेकला, निसटलं. कपाळावर घाम. माझ्या ओठांशी "अहो, आणा इकडे" हे शब्द येऊन उभे, मी ते गिळले. कितीतरी वेळानं बटण काजातून पलीकडे निघालं, तेव्हा यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी फोनमागून मान डोलावली. मग दुसऱ्या बटणाला हात घातला.

मला पहिल्यांदा कळलं की बटण लावणं ही केवढी मोठी गोष्ट आहे. दुसऱ्या सकाळी दूध तापवताना मी माझ्याच हाताकडे बघत राहिले. सांडशी किती दाबायची, पातेलं किती तिरकं करायचं, त्याच वेळी दुसऱ्या हातानं गॅस बारीक कसा करायचा, हे याला कुणी सांगितलं? मी तर तेव्हा मनात शेजारणीला शिव्या देत होते. हात आपलं आपण सगळं करतो, माझी परवानगीसुद्धा मागत नाही. केवढा कारभार चाललाय आत, आणि आपण त्याचा पत्ता नसल्यागत खुशाल जगतो! बघता बघता दूध उतू गेलं.

आणखी एक पाहिलं. मांडीवर असताना थरथरणारा तोच हात पाण्याच्या पेल्याकडे निघाला की वाटेतच शांत व्हायचा. विसावला की थरथर, कामाला लागला की स्थिर. मला हे खरंच वाटेना. मी यांना पुन्हा पुन्हा पेला उचलायला लावला, शेवटी म्हणाले, "अगं, पोट फुटेल पाण्यानं." पण मला थांबवेना.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी ते घडलं. जेवणं झाली. मी यांना दुपारची गोळी दिली, वर मोठा पेला दूध दिलं. गोळी भलतीच कडक, उष्ण पडणार, त्यावर थंड दूध हवंच. माझ्या आईनं आम्हाला कुठलीही कडक गोळी दुधाशिवाय दिली नाही. गोळी देण्यापुरता एक हात फोनवरून सोडला तेव्हाही शूटिंग चालू होतं, त्यात एका बाजूनं माझा हात आला असणार, पण गोळी देणं म्हणजे काही मदत नव्हे, असं माझं मत.

थोड्या वेळानं हे उठले आणि स्वयंपाकघराकडे निघाले. दाराच्या अलीकडे पाय चिकटले. धड पुढे झुकलं. मी फोन टाकून उठणारच होते, पण यांनी डाव्या हातानं भिंत धरली होती. मी बसून राहिले. हे खाली बघत होते. आमच्या त्या खोलीला पश्चिमेची खिडकी आहे, गजांची. तिच्या गजांच्या सावल्या फरशीवर आडव्या पडल्या होत्या, एकामागे एक, थेट दारापर्यंत. हे त्या सावल्यांकडे बघत राहिले. मग उजवा पाय उचलला गेला. अलगद, सावलीच्या पलीकडे पडला. डावा पुढच्या सावलीपलीकडे. उजवा. डावा. भिंतीवरचा हात सुटला. पाठ ताठ झाली. हे चालत, नीट पावलं टाकत, दारातून आत गेले!

 देवाशपथ सांगते, घरात कुणी अवतरलं असतं तरी मी इतकी चकित झाले नसते.

आतून आवाज आला, "स्लीपर."

"काय?"

"रुळाखालचे स्लीपर. गाडी मध्येच थांबली की त्यावरूनच चालत जायचो की इंजिनापर्यंत. पायांना ते आठवलं." हे दारात येऊन उभे राहिले. चेहऱ्यावर हसू हळूहळू उगवत होतं. मी या वेळी कुठं गेले नाही, पूर्ण उगवेपर्यंत थांबले. मग हे पुन्हा त्या सावल्यांवरून इकडे आले, पुन्हा तिकडे गेले. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. साधी सपाट फरशी ज्या पायांना ओलांडता येत नाही, त्यांना सावली ओलांडता येते! कुणी केलं असेल हे यंत्र, आणि किती वाटा ठेवल्या असतील त्यात, एक बंद पडली तर दुसरी? मी हात जोडले. कुणाला जोडले, ठाऊक नाही.

ऊन सरकलं. सावल्या भिंतीवर चढल्या. हे पुन्हा निघाले आणि पाय परत चिकटले. तेही फोनमध्ये आलं.

दवाखान्यात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "अक्का, लवकरची तारीख देते, पण सकाळचे नंबर संपले, फक्त दुपारचे शेवटचे उरलेत, चालेल का?"

"मला शेवटचाच हवा," मी म्हटलं. "अगदी शेवटचा. त्यांचे पाय दुपारीच अडकतात, ते डॉक्टरांना बघायचंय."

ती म्हणाली, "सगळे पहिला मागतात, अक्का."

"आम्हीही मागितला होता. बसलोय भोगत."

त्या दिवशी शर्ट इस्त्रीचाच घातला, ते सोडायला हे तयार नव्हते आणि मीही नव्हते. पण बटणं यांनीच लावली. लावता लावता एक काज चुकलं आणि शर्टाची एक बाजू वर गेली. आरशात यांनी ते बघितलं. पुन्हा सगळं उघडून लावण्याएवढी ताकद उरली नव्हती. माझ्याकडे बघितलं, मी माझ्या पदराकडे बघितलं. "चल," हे म्हणाले. उभ्या जन्मात वाकड्या शर्टानं बाहेर न पडलेला हा माणूस तसाच रिक्षात बसला. माझा जीव तीळ तीळ तुटत होता, आणि अभिमानही वाटत होता, दोन्ही एकदम.

आमचा नंबर आला तेव्हा बाहेरच्या बाकांवर रिपोर्टसाठी थांबलेले बरेच लोक होते. आमचं नाव पुकारलं. हे उठले, निघाले, आणि डॉक्टरांच्या खोलीच्या दारात पाय चिकटले. बाकांवरचे सगळे बघायला लागले. एक बाई हात द्यायला उठल्या. मी म्हटलं, "नको हो, राहू द्या." मी यांच्या मागे, धरता येईल इतक्या जवळ उभी होते, हात पदरात गुंडाळून. यांच्या मानेवर घाम आला होता. कान लाल झाले होते. पण मान खाली घातली नाही.

डॉक्टर खुर्चीतून उठून आले. आधी नीट बघितलं. पाय बघितले, हात बघितला, चेहरा बघितला. मग यांच्या समोर येऊन स्वतःचा बूट घातलेला पाय आडवा ठेवला आणि म्हणाले, "सर, हा ओलांडून या."

हे घुटमळले. आमच्यात माणसाचा पाय ओलांडत नाहीत. लहान मूल ओलांडून गेलं तरी त्याला परत उलटं यायला लावतात. आणि हे तर डॉक्टर. यांनी आधी दोन्ही हात जोडून डॉक्टरांना नमस्कार केला, क्षमा मागितल्यासारखा, आणि मग पाय उचलून त्यांच्या पायावरून पलीकडे गेले. पुढची पावलं सरळ खुर्चीपर्यंत. डॉक्टर हसले आणि त्यांनीही हात जोडले. बाहेर कुणीतरी "अय्यो देवरे", अरे देवा, म्हणालं.

खुर्चीत बसल्यावर डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. "ह्यांग अदीरी?"

"आरा..." हे म्हणाले आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "नाही," हे म्हणाले. "दुपारी अडकतो. पडलो." आणि हनुवटीवरचे टाके दाखवले.

मी फोन पुढे केला. डॉक्टरांनी सगळं शूटिंग बघितलं, सावल्यांचं तर दोनदा. मला वाटलं, आता पायांबद्दल काही सांगतील. पण त्यांनी बोटानं चित्र मागे नेलं आणि थांबवलं. चित्रात माझा हात होता, हातात पेला.

"अम्मा, हे काय?"

"दूध."

"गोळीबरोबर? रोज?"

"दुपारच्या गोळीबरोबर रोज. उष्ण पडते म्हणून."

"आणि त्याआधी जेवण? दही, डाळ?"

"वरण असतं, दही-भात असतो. गोळी जेवणावरच देते, रिकाम्या पोटी बाधेल ना."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला नाही, तो मी लावला. त्यांनी शांतपणे सांगितलं, आतड्यातून रक्तात जायला या गोळीला जे दार आहे, तेच दार दूध-दही-डाळीतल्या सत्त्वाला आहे. दोघं एकदम आले की दाराशी गर्दी होते आणि गोळी बाहेर ताटकळते. म्हणून दुपारी जोर येत नाही. गोळी जेवणाच्या आधी बराच वेळ, नुसत्या पाण्याबरोबर द्या. दूध नंतर कधीतरी.

मी थक्क होऊन ऐकत होते. पोटात दार, आणि त्या दाराशी गर्दी! हे म्हणाले, "जत्रेच्या गाडीसारखं," आणि डॉक्टर मोठ्यानं हसले.

दुपारचं कोडं सुटलं होतं. मला इतकं हलकं वाटलं की विचारता सोय नाही. डॉक्टरांनी आणखी काही आहे का विचारलं आणि सवयीनं माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे पुष्कळ होतं, बद्धकोष्ठापासून लाळेपर्यंत. मी तोंड मिटलं आणि हनुवटीनं यांच्याकडे खूण केली.

 डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि वाट बघितली. त्यांच्या वाट बघण्याला घाई नव्हती, ते मी मुद्दाम सांगते.

"रात्री," हे म्हणाले. आवाज इतका बारीक की डॉक्टर पुढे वाकले. "रात्री कूस बदलता येत नाही."

मी वळून यांच्याकडे बघितलं. हे मला ठाऊक नव्हतं. मी यांच्या शेजारी निजते.

"एकदा निजलो की सकाळपर्यंत तसाच. अंग उचलत नाही. जाग येते. मग पडून राहतो."

"अम्मांना उठवत नाही?"

"दिवसभर माझ्या मागे असते. रात्री तरी झोपू दे की तिला."

डॉक्टरांनी कागद ओढला. "कुठल्या कुशीवर असता, सर?"

"डाव्या."

"रोज डाव्याच? खांदा दुखत असेल."

"दुखतो." मग पुन्हा शब्द गोळा व्हायला वेळ लागला.  "डाव्या कुशीला ही दिसते. रात्रभर एकच बाजू मिळणार म्हटल्यावर, निजतानाच ती धरतो."

आमच्यात चारचौघांत नवऱ्याचा हात धरत नाहीत. मी धरला, आणि डॉक्टरांनी रात्रीची गोळी लिहून हातात कागद देईपर्यंत सोडला नाही.